संवाद पुसट, स्फोट मात्र कानठळ्या बसवणारे

हौसेने आणलेल्या होम थिएटरवर चित्रपट लावावा, तर पात्रांचे बोलणे नीट कळत नाही. म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच प्रसंगातील स्फोटाने शेजारी दारात! घरातील वृद्धांचे तर निम्मे संवाद हुकतात. दोष बहुधा यंत्राचा नसतो. स्पीकर कुठे ठेवले आहेत आणि रिसीव्हरला त्यांची नेमकी माहिती दिली आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

‘५.१’ रचनेत पाच स्पीकर आणि खर्जातल्या आवाजासाठी एक सबवूफर असतो. संवादांचा मुख्य भार मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरवर असतो आणि नेमका तोच टीव्हीखालच्या कपाटात शोभेच्या वस्तूंमागे कोंबला जातो. तो कपाटाच्या कडेपर्यंत पुढे ओढून त्याचे तोंड श्रोत्याच्या कानाकडे वळवले, तरी फरक जाणवतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार समोरचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर, तर सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर असावेत. म्हणजे थेट पाठीमागे नव्हे, तर बाजूला, किंचित मागे. सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर ते बाजूच्या भिंतींवर, कानांपेक्षा फूट-दोन फूट उंच लावणे सोयीचे.

यानंतर अंतर. ध्वनीला एक मीटर जाण्यास सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. बसण्याच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजून रिसीव्हरमध्ये भरले, की तो जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडतो आणि सारे आवाज एकाच वेळी कानी येतात. मग ‘टेस्ट टोन’ लावून प्रत्येक स्पीकरची पातळी सारखी करावी. मोबाइलवरील ध्वनिमापक अचूक नसला, तरी तुलनेपुरता पुरतो. अनेक रिसीव्हरांसोबत येणारा मायक्रोफोन हे काम आपोआप करतो. मात्र तो कानाच्या उंचीवर ठेवावा आणि पंखा बंद करावा, जे सहसा कोणी करत नाही.

छोटे स्पीकर ‘स्मॉल’ म्हणून नोंदवून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला, की त्यांना न झेपणारा खर्ज सबवूफरकडे जातो. एवढे करूनही संवाद दबत असतील, तर सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. पैसे मोजले म्हणून सराउंड सतत ऐकू आलाच पाहिजे, हा हट्ट सोडलेला बरा. पुष्कळ प्रसंगांत त्याला काम थोडेच असते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रिसीव्हरमधील ‘नाइट मोड’ मोठे आवाज दाबून हळू आवाज उचलतो, त्यामुळे कमी आवाजातही संवाद कळतात. सबवूफरचा खर्ज भिंतींतून आणि स्लॅबमधून आरपार जातो. इमारतीत राहणाऱ्यांनी रात्री तो उतरवावा किंवा सरळ बंदच ठेवावा.