औषध देण्यापूर्वीचे अर्धे मिनिट

रुग्णालयात सर्वांत जास्त वेळा घडणारी गोष्ट कोणती, असे विचारले तर बहुतेक जण शस्त्रक्रिया किंवा तपासण्या असे उत्तर देतील. खरे उत्तर आहे औषध देणे. ३० खाटांचा एक वॉर्ड घ्या. प्रत्येक रुग्णाला गोळ्या, इंजेक्शने, सलाईन मिळून दिवसाला १० वेळा औषध द्यायचे आहे असे धरा. दिवसाचे ३००, महिन्याचे ९,००० डोस झाले. हजारात एकच चूक होते असे मानले तरी महिन्याला ९ चुका. त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी ठरतात, पण एखादी जिवावर बेतते. परिचारिका म्हणून माझी तीसहून अधिक वर्षे वॉर्डात आणि पुढे नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली. या चुका कशा होतात आणि त्या कशा टाळता येतात, त्यात रुग्णाचा आणि नातेवाइकांचा वाटा काय, हे आज सांगणार आहे.

औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी चार हातांतून जाते. डॉक्टर केसपेपरवर लिहितात, ते ट्रीटमेंट शीटवर उतरवले जाते, औषध विभागातून ते वॉर्डात येते आणि शेवटी सिस्टर ते रुग्णाला देते. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातील दोन मोठ्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या चुकांपैकी ३९ टक्के औषध लिहिताना, १२ टक्के उतरवताना, ११ टक्के औषध विभागात आणि ३८ टक्के प्रत्यक्ष देताना झालेल्या होत्या. यातली मेख लक्षात घ्या. डॉक्टरांकडून लिहिण्यात चूक झाली तर ती पकडायला फार्मासिस्ट आहे, सिस्टर आहे. पण खाटेजवळ चूक झाली तर पुढे कोणीच उरत नाही. म्हणून औषध देण्यापूर्वीचे ते अर्धे मिनिट फार मोलाचे असते.

त्या अर्ध्या मिनिटात पाच गोष्टी पाहायच्या असतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे पाठ असते. पाठ असणे आणि रात्री दोन वाजता ते करणे यांत अंतर आहे. पहिलीच गोष्ट पाहा. वॉर्डात 'सात नंबरचे इंजेक्शन' असे बोलण्याची सवय असते. पण दुपारी सात नंबरचा रुग्ण खिडकीजवळच्या खाटेवर हलवलेला असतो. बरे, नावाने हाक मारावी तर आपल्याकडे एकेका गावात निम्म्या घरांचे आडनाव एकच असते. शिवाय 'तुम्ही शांताबाई ना?' असे विचारले, की ग्लानीतली किंवा कमी ऐकू येणारी बाई होच म्हणते. म्हणून मी मुलींना सांगत असे, नाव आपण सांगायचे नाही, विचारायचे. 'आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा,' असे म्हणायचे आणि ते मनगटावरच्या पट्टीशी व केसपेपरवरच्या नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायचे.

दुसरा शत्रू म्हणजे आकडे. पाचाचा आकडा काढून पुढे टिंब आणि शून्य दिले, की टिंब पुसट होऊन ५.० चे ५० होतात. अर्धा लिहिताना आधीचे शून्य गाळले, की .५ चे ५ होतात. म्हणून पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य द्यायचे नाही आणि टिंबाआधीचे शून्य कधी गाळायचे नाही. इन्सुलिनच्या १० आकड्यापुढे युनिट या अर्थी इंग्रजी 'यू' काढला, तर घाईत तो शून्य वाटतो आणि दहाचे शंभर होतात. तेथे 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा. आपल्याकडे आणखी एक भर आहे. मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी एक इंग्रजी नवासारखा. पाकिटावर वेळ लिहिताना 'दुपारी चार' असे अक्षरांत लिहिले तर घोटाळाच नको. अक्षराबद्दल तर बोलायलाच नको. २०१६ मध्ये तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे असा नियम केला, तो याचसाठी.

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे, तर ते घरीही घेतले जाते म्हणून थोडे सविस्तर सांगते. आपल्याकडे ते दोन ताकदींचे मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही त्यानुसार वेगळी. चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. शंभरच्या बाटलीतले औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर एकदम उतरते, रुग्ण बेशुद्ध होतो. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे दर वेळी पाहावे. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचेही तसेच. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, तर साध्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, १२५ मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे थेंब सिरपच्या चौपट तीव्र. चमच्याने थेंब पाजू नयेत.

काही औषधांची नावे जुळी असतात. मेटफॉर्मिन मधुमेहाचे, मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गाचे. काहींचे रूप जुळे असते. पोटॅशियम क्लोराईडची छोटी कुपी आणि इंजेक्शन पातळ करण्याच्या पाण्याची कुपी शेजारी ठेवल्या, तर दोन्हींत दिसायला पाणीच. पण ते पोटॅशियम पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. अशा दुर्घटनांनंतर अनेक देशांतल्या रुग्णालयांनी ही कुपी वॉर्डातल्या कपाटातून काढूनच टाकली. 'सांभाळून वापरा' अशी पाटी लावण्यापेक्षा हा उपाय शंभर पटींनी चांगला. जे कपाटात नाही, ते चुकून हाती येत नाही.

औषधाची ट्रॉली घेऊन फिरणाऱ्या सिस्टरला किती जण हाक मारतात, हे कधी मोजून पाहा. कोणाची सलाईन संपलेली, कोणाला डिस्चार्जचा कागद हवा, टेबलावर फोन वाजतोय. सिडनीतील दोन रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या कामाची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. तेव्हा ट्रॉली फिरत असताना तातडीचे काम नसेल तर पाच मिनिटे थांबा. तो सिस्टरवर उपकार नव्हे, शेजारच्या रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी केलेले काम आहे.

आता एक कडू गोष्ट. मी नोकरी केलेल्या एका रुग्णालयात नव्याने लागलेल्या मुलीच्या हातून एका रुग्णाची गोळी दुसऱ्याच्या वाटीत गेली. आजींनी विचारले, 'बाई, माझी गोळी पांढरी असते, ही पिवळी कशी?' मुलीने 'कंपनी बदलली असेल' म्हणून वेळ मारून नेली नाही. शीट पाहिले, गोळी परत घेतली आणि झाला प्रकार स्वतःहून वहीत लिहिला. तिला शाबासकी मिळायला हवी होती. मिळाला मेमो. त्यानंतर कित्येक महिने त्या वहीत एकही नोंद झाली नाही. चुका थांबल्या होत्या असे कोणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे. त्या फक्त लिहिल्या जात नव्हत्या. गोळ्यांच्या वाट्यांवर नावे नव्हती, ही खरी उणीव त्या नोंदीतून दिसत होती. मेमोमुळे ती आणखी बराच काळ तशीच राहिली. निष्काळजीपणाला शिक्षा हवीच. पण प्रामाणिकपणे सांगितलेल्या चुकीला शिक्षा केली, तर पुढच्या रुग्णाला तीच चूक भोवते.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी, टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम सुरू केली. तिने ज्या धोक्याच्या जागा दाखवल्या, त्यांत एक आहे रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातानाची. दाखल होताना आणि घरी जाताना. घरी रक्तदाबाची एका नावाची गोळी चालू असते, डिस्चार्ज कार्डावर तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने येते. घरी जाऊन रुग्ण दोन्ही घेतो आणि चक्कर येऊन पडतो. संधिवाताचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेले तर जिवाशी खेळ होतो.

म्हणून नातेवाइकांनी एवढे करावे. दाखल होताना घरातली सगळी औषधे, आयुर्वेदिक काढे-चूर्णांसह, पिशवीत घालून न्यावीत आणि डॉक्टरांना दाखवावीत. कशाची ॲलर्जी असेल तर ती केसपेपरवर लिहून घेतली का, ते पाहावे. रात्री बाहेरच्या दुकानातून औषध आणावे लागले आणि दुकानदाराने 'हेच आहे, फक्त नाव वेगळे' असे सांगितले, तर ते वापरण्याआधी सिस्टरला किंवा डॉक्टरांना दाखवावे. घरी जाताना तीन प्रश्न विचारावेत: जुन्यांपैकी कोणती औषधे बंद, कोणती चालू, नवीन कोणती आणि किती दिवस? औषधाने त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावेच. शिवाय देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर दुष्परिणामाची नोंदही करता येते.

आणि खाटेवर असताना प्रत्येक गोळीला विचारा, 'ही कशाची?' कधी एखादी दमलेली सिस्टर कपाळाला आठी घालील. घालू द्या. तुमच्या प्रश्नाने तिला पुन्हा एकदा कागद पाहावा लागेल, आणि तेवढेच तर हवे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)