बरोबरीच्या नात्याने

"दुसऱ्याची लेकरंच सांभाळायची, तर कॉलेज कशाला शिकायलीस?" 'ओ पेर' म्हणून जर्मनीला जाण्याची गोष्ट काढताच आईने विचारले. ती परभणीत चार घरची धुणीभांडी करते. प्रश्न रास्त होता, म्हणून मी माहिती मिळविली.

'ओ पेर' हा फ्रेंच शब्दप्रयोग. अर्थ, 'बरोबरीने'. अर्ज करताना वय १८ पूर्ण व २७ च्या आत असावे. जर्मन कुटुंबात सहा महिने ते वर्षभर राहायचे, भाषा शिकायची आणि घरात हातभार लावायचा. सकाळी मुलांची न्याहारी, त्यांना बालवाडीत पोचविणे, दुपारी आणणे, खेळविणे, थोडी आवराआवर. मात्र दिवसाला ६ व आठवड्याला ३० तासांहून अधिक काम नाही. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा. स्वतंत्र खोली, घरच्यांसोबत जेवण, विमा आणि हातखर्चाला २०२४ साली दरमहा २८० युरो. विमानभाडे बहुधा स्वतःचे. जाण्यापूर्वी जर्मनची 'ए-१' ही पहिली पायरी यावी लागते. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात ती शिकवितात.

पूर्वी आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. तेथे उपकाराचे ओझे असे. येथे लेखी करार असतो. तो सगळेच पाळतील असे नाही, म्हणून नीट वाचूनच सही करावी.

हे सारे आईला वाचून दाखविले. दीड दिवसाच्या सुट्टीपाशी तिने मला थांबविले.

"लिहून देतात?"

"हो."

तिला अद्याप कोणी लिहून दिलेले नाही.