डांबरगोळी जाते कुठे?



बाळंतपण जवळ आले की आपल्या घरातली पत्र्याची पेटी उघडते. थोरल्याची झबली, टोपरी, आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी बाहेर निघते. कपड्यांना डांबरगोळीचा वास येतो आणि तो स्वच्छतेचा वास आहे असे आपण समजतो. माता-भगिनींनो, नवजात बाळासाठी तो वास धोक्याचा आहे.

पेटीत टाकलेली गोळी काही महिन्यांत झिजून लहान होते. जाते कुठे? ही गोळी बहुधा नॅप्थलीनची असते. कापरासारखीच ती वितळत नाही, तिची सरळ वाफ होते. बंद जागेत ही वाफ एका ठरावीक दाबापर्यंत साठते. त्याला बाष्पदाब म्हणतात.

एवढा बारीक दाब मोजण्याची एक पद्धत डेन्मार्कचे शास्त्रज्ञ मार्टिन नुडसेन यांनी 1909 साली मांडली. पदार्थ छोट्या डबीत ठेवायचा. डबीला अगदी बारीक छिद्र. भोवतालची हवा पंपाने काढून टाकायची, तापमान कायम ठेवायचे आणि काही वेळाने वजन करायचे. जेवढी वाफ निसटली तेवढे वजन घटते. ती घट, लागलेला वेळ आणि छिद्राचा आकार यांवरून दाबाचा हिशेब निघतो.

25 अंश सेल्सिअसला नॅप्थलीनचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे 0.08 मिलिमीटर भरतो. हवेचा दाब 760, म्हणून हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण 40 अंशांना तो जवळजवळ चौपट होतो. यावलचा मे महिना आणि वर पत्र्याचे छप्पर, म्हणजे हीच वाफ घरात कितीतरी जास्त. ती कपड्यांत मुरते आणि तिथून बाळाच्या श्वासात व कातडीत जाते.

शरीरात नॅप्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना धोका सर्वांत जास्त. ही कमतरता मुलग्यांत अधिक आढळते. 1963 साली ग्रीसमधील डॉक्टरांनी अशा वाफेने आजारी पडलेल्या 21 नवजात बाळांची नोंद केली. त्या सगळ्यांनाच ही कमतरता होती असे नाही. कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. युरोपीय संघाने 2008 साली या गोळ्यांवर बंदी घातली.

म्हणून एवढे करा:

• बाळाच्या कपड्यांत, गोधडीत, पाळण्याजवळ डांबरगोळी ठेवू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवा.

• वासाचे कपडे धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवल्याशिवाय बाळाला घालू नका.

• मुलाने गोळी गिळली तर ओकारी काढू नका, दूध-तेल पाजू नका. पाकीट घेऊन लगेच रुग्णालय गाठा. त्रास एक-दोन दिवसांनीही सुरू होतो.

• बाळ पिवळे किंवा फिकट पडले, लघवी काळपट झाली, दूध ओढेना, तर त्याच दिवशी यावलच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. डांबरगोळीचा वापर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काविळीची माळ घालून, मंत्र टाकून फुटलेल्या पेशी परत येत नाहीत. त्या माळेपायी गेलेला एक दिवस बाळाला फार महाग पडतो. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. पेटीतल्या गोळीलाही तोच नियम लावू या.

नमो बुद्धाय, जय भीम!