सातव्या दिवसाचा शब्बाथ आणि वारांची साक्ष

जुन्या कागदांचा काल ठरवितांना तिथि, वार व सन या तिहींचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहण्याची आपणां सर्वांस संवय आहे. तिथींत क्षयवृद्धीमुळें एका दिवसाचें अंतर पडतें; सनांत शक, फसली, सुहूर यांची गल्लत होते; परंतु वार मात्र खऱ्या साक्षीदारासारखा असतो, अशी आपली श्रद्धा. ती बहुतांशीं रास्त आहे. तथापि हा साक्षीदार कोणत्या भाषेंत बोलतो आणि त्याचा दिवस कोणत्या घटकेस सुरू होतो, हें न विचारतां त्याची जबानी घेतली, तर निर्दोष कागद खोटा ठरतो.

असा प्रमाद आमच्याच हातून घडला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका गृहस्थांनीं आपल्या घरचा एक फारसी कागद आम्हांस दाखविला. त्यांत वार 'चहारशंबा' असा होता. आमचें शिक्षण संस्कृताचें. फारसी केवळ ऐकून व चाचपडून आलेली. शंबा म्हणजे शनिवार हें ठाऊक होतें. म्हणून शनिवार एक, रविवार दोन असें मोजीत आम्ही चौथ्यास मंगळवार गाठला. जंत्रीप्रमाणें त्या तारखेस बुधवार येत होता. आम्हीं कागदावर 'संशयित' असा शेरा मारिला. पुढें दोन वर्षांनीं, शंबा हा शून्य धरावयाचा असून यकशंबा म्हणजे रविवार व चहारशंबा म्हणजे बुधवारच, हें उमगलें तेव्हां आम्ही त्या गृहस्थांकडे गेलों. खोटा ठरलेला कागद त्यांनीं अडगळींत टाकिला होता व त्यास वाळवी लागून अर्धाअधिक मजकूर गेला होता. कागद खरा होता. चूक आमच्या गणतीची होती. त्या चुकीचें मूळ शोधूं लागलों तेव्हां 'शंबा' या एका शब्दामागें यहुदी व ख्रिस्ती लोकांचा दोन हजार वर्षांचा वाद उभा दिसला. तो वाचकांपुढें मांडावा, एवढ्याचसाठीं हा लेख.

फारसी शंबा, अरबी सब्त, ग्रीक सब्बातोन, पोर्तुगीज साबादो या सर्वांचें मूळ इब्री 'शब्बाथ' या शब्दांत आहे. मराठी पवित्र शास्त्रांतही हाच शब्द योजिला आहे. त्याच्या धातूचा अर्थ 'थांबणें, विराम पावणें' असा. कित्येक संस्कृतज्ञ नादसादृश्यावरून त्याचा संबंध 'सप्त' शब्दाशीं जोडतात, पण तो बरोबर नाहीं. इब्रींत सातास 'शेबा' म्हणतात व त्याचा धातु निराळा आहे. आणखी एक गंमत अशी कीं, आपल्याकडे ग्रहावरून वारास शनिवार हें नांव पडलें. यहुद्यांकडे उलट वारावरून शनि ग्रहास 'शब्बताय' हें नांव पडलें. आपल्याकडील वारांचा प्राचीन कोरीव पुरावा एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखांत, गुप्त संवत् १६५ म्हणजे इ. स. ४८४ मध्यें, गुरुवाराच्या रूपानें मिळतो. यहुद्यांचा सातवा दिवस त्याहून कितीतरी जुना आहे.

यहुदी धर्मशास्त्रांत शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणीं आली असून तिचीं कारणेंही दोन दिलीं आहेत. निर्गम ग्रंथाच्या विसाव्या अध्यायांत, परमेश्वरानें सहा दिवसांत सृष्टि निर्मून सातव्या दिवशीं विसावा घेतला, हें कारण आहे. अनुवाद ग्रंथाच्या पांचव्या अध्यायांत, तुम्हीही मिसर देशांत दास होतां याचें स्मरण ठेवा, असें सांगितलें आहे. म्हणून घरधन्याबरोबरच दास, दासी, परका आणि गुरेंढोरें यांनाही विसावा द्यावयाचा. हा दिवस शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत चालतो. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोकांनीं दुसरें फारसें कांहीं जवळ नसतांही हा नेम पिढ्यान् पिढ्या राखिला. ते तेलाचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. इ. स. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक इस्राएल देशांत जाऊन राहिले. परंतु जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या कागदांत हें नांव आढळल्यास तें यहुद्यांचें समजावें.

आतां ख्रिस्ती धर्माकडे वळूं. येशू ख्रिस्त स्वतः यहुदी होता व शब्बाथ दिवशीं सभास्थानांत जात असे. मात्र शब्बाथ माणसाकरितां आहे, माणूस शब्बाथाकरितां नाहीं, असा त्याचा अभिप्राय मार्काच्या शुभवर्तमानांत नमूद आहे. त्याचें पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशीं झालें, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा असल्यामुळें त्या दिवशीं एकत्र जमण्याची चाल पडली. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायांत अशा एका मेळ्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या लेखकानें सूर्याच्या वारीं होणाऱ्या उपासनेचें वर्णन केलें आहे. इ. स. ३२१ मध्यें रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन यानें न्यायाधीश, नगरवासी व कारागीर यांनीं रविवारीं काम बंद ठेवावें, असा हुकूम काढिला. शेतकऱ्यांस मात्र पेरणी व लावणीचा हंगाम चुकूं नये म्हणून सूट दिली.

यावरून शनिवार एका झटक्यांत मागें पडला, असें समजूं नये. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांतील लावदिकिया येथील धर्मसभेनें, ख्रिस्ती लोकांनीं यहुद्यांप्रमाणें शब्बाथ दिवशीं स्वस्थ न बसतां काम करावें, असा नियम केला. मनाई करावी लागली, याचाच अर्थ चाल जिवंत होती. त्याच सभेच्या दुसऱ्या एका नियमांत शब्बाथ दिवशीं शुभवर्तमान वाचण्याची आज्ञा आहे. म्हणजे विश्रांति सुटली तरी उपासना राहिली होती. पांचव्या शतकांतील इतिहासकार सॉक्रेटीस लिहितो कीं, जगांतील बहुतेक मंडळ्या शब्बाथ दिवशीं प्रभुभोजनाचा विधि करितात, फक्त आलेक्सांद्रिया व रोम येथील लोकांनीं तो सोडिला आहे. रोमांत तर शनिवारीं उपवास करूं लागले. पूर्वेकडील मंडळ्यांस तो मान्य नव्हता, इ. स. ६९२ च्या धर्मसभेनें त्याचा निषेध केला व अकराव्या शतकांत रोम आणि कॉन्स्टंटिनोपल यांचा संबंध तुटला तेव्हां हा शनिवारचा उपवासही तक्रारींत होता.

सातवा दिवस सर्वांत निष्ठेनें कोणी राखिला असेल तर तो हबसाण देशाच्या ख्रिस्ती लोकांनीं. चौदाव्या शतकांत एवोस्तातेवोस नांवाच्या साधूनें शनिवार व रविवार हे दोन्ही शब्बाथ पाळावेत असा आग्रह धरिला. त्याच्या शिष्यांस बहिष्कार सोसावा लागला, पण इ. स. १४५० मध्यें राजा जरा याकोब याच्या कारकीर्दींत देब्र मित्माक येथील सभेनें तो पक्ष मान्य केला. पुढें पोर्तुगीज पाद्री तेथें गेले. त्यांनीं घेतलेल्या आक्षेपांस राजा गलावदेवोस यानें इ. स. १५५५ मध्यें लेखी उत्तर दिलें कीं, आम्ही हा दिवस यहुद्यांप्रमाणें पाळीत नाहीं, तर त्या दिवशीं प्रभुभोजन व दानधर्म करितों. सतराव्या शतकांत राजा सुसेन्योस यानें रोमचा पंथ स्वीकारून शनिवार पाळण्यास मनाई केली. त्यावरून व इतर कारणांवरून देशभर बंडें झालीं; अखेरीस इ. स. १६३२ मध्यें त्यास जुना धर्म परत द्यावा लागला, आणि पाद्र्यांस देशाबाहेर जावें लागलें. हें प्रकरण आपणांस दूरचें वाटेल. पण हबसाणची ही जेसुइट शाखा गोव्याच्या प्रांताखालीं होती. पेद्रो पायश हा तेथील प्रसिद्ध पाद्री गोव्याहूनच गेला व हद्दपार झालेला पात्रिआर्क आफोन्सो मेन्देश गोव्यासच परतला. गोव्याच्या जेसुइट पत्रव्यवहारांत शनिवारचा वाद दिसल्यास तो कोठला, हें संग्राहकांनीं ओळखावें.

खुद्द गोव्यांत सातवा दिवस पाळणें हा जिवावरचा अपराध होता. इ. स. १५६० मध्यें तेथें इन्क्विझिशन स्थापन झालें. ख्रिस्ती झालेल्या यहुद्यांवर नजर ठेवितांना शुक्रवारीं सायंकाळीं दिवे लावणें, शनिवारीं धुतलेलीं वस्त्रें नेसणें व काम न करणें हीं गुप्त यहुदीपणाचीं लक्षणें मानीत. प्रख्यात वैद्य गार्सिया द ओर्ता इ. स. १५६८ मध्यें वारला. दुसऱ्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला यहुदीपणाच्या आरोपावरून जाळण्यांत आलें, आणि इ. स. १५८० मध्यें त्याचींही हाडें उकरून जाळलीं. ज्या देशांत स्वच्छ सदरा घालण्यावरून माणसाचा प्राण जावा, तेथें वाराची गणती हा केवळ पंचांगाचा विषय राहात नाहीं.

युरोपांत धर्मसुधारणेनंतर हा वाद पुन्हां निघाला. इंग्लंडांत जॉन ट्रास्क यास इ. स. १६१८ मध्यें यहुदी मतें शिकविल्याबद्दल शिक्षा झाली. सतराव्या शतकाच्या मध्यास लंडनांत सातव्या दिवसाच्या बाप्टिस्टांच्या मंडळ्या निघाल्या व इ. स. १६७१ मध्यें अमेरिकेंत न्यूपोर्ट येथें तशी पहिली मंडळी स्थापन झाली. त्यांच्याच सहवासानें तेथील ॲडव्हेंटिस्ट लोकांत हें मत शिरलें, इ. स. १८६३ मध्यें त्यांच्या संघाची रचना झाली आणि सातवा दिवस त्यांच्या नांवांतच गोंवला गेला. त्यांचें स्पायसर महाविद्यालय इ. स. १९४२ मध्यें बंगळूरहून पुण्यास आलें. शुक्रवारचा सूर्य मावळतांच व्यवहार थांबविणारे ख्रिस्ती लोक पुण्यांत आहेत ते हेच.

या पक्षाचें म्हणणें असें कीं, दहा आज्ञांपैकीं नऊ नित्य आणि एकच अनित्य, हें कसें? देवानें दिवस नेमिला, तो बदलल्याचें शास्त्रवचन दाखवा. यावर रोमन पक्ष म्हणतो, तो बदल ख्रिस्तमंडळीनें आपल्या अधिकारानें केला. प्युरिटन पक्षाचें म्हणणें, सातांतून एक दिवस ही आज्ञा नित्य असून तो दिवस पुनरुत्थानामुळें पहिला झाला. आणखी कोणी म्हणतात, शब्बाथ ही पुढील वस्तूची छाया होती. वस्तु आली, छाया सरली. श्रुति, आचार व आप्तवाक्य यांपैकीं प्रबळ कोण, हा मीमांसकांचाच प्रश्न येथें दुसऱ्या वेषांत आला आहे. त्याचा निर्णय करणें आमचें काम नव्हे.

आमचें काम कागदांचें. त्या दृष्टीनें वरील वादांतून चार गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या निघतात.

पहिली वारांच्या अंकांची. फारसी शंबा शून्य धरून यकशंबा रविवार, दोशंबा सोमवार, सेशंबा मंगळवार, चहारशंबा बुधवार, पंजशंबा गुरुवार. पोर्तुगीज कागदांत रविवार हा दोमिंगो म्हणजे प्रभूचा वार. त्यास पहिला धरून सेगुंदा-फैरा सोमवार, तेर्सा मंगळवार, क्वार्ता बुधवार, क्विंता गुरुवार, सेश्ता शुक्रवार आणि मग साबादो. दोन्ही गणत्या शब्बाथावरूनच चालतात, म्हणून त्यांचे अंक एकमेकांशीं जुळतात. सोमवारास पहिला धरणारा मात्र एका दिवसानें फसतो.

दुसरी शब्दाची. प्युरिटन वळणाचे इंग्रज व स्कॉच लोक आपल्या पत्रांत रविवारासच 'शब्बाथ' म्हणत. तेव्हां इंग्रजी रोजनिशींत हा शब्द दिसतांच शनिवार धरूं नये. लेखकाचा पंथ आधीं पाहावा.

तिसरी आज्ञांच्या क्रमाची. रोमन व लूथरपंथी लोक शब्बाथाची आज्ञा तिसरी मोजितात. यहुदी, अँग्लिकन व कॅल्व्हिनपंथी लोक ती चौथी मोजितात. आरंभींचीं व शेवटचीं पानें गेलेली ख्रिस्ती प्रश्नोत्तरी हातीं आली, तर या एका अंकावरून तिच्या पंथाची दिशा कळते.

चौथी दिवसाच्या आरंभाची, व हीच सर्वांत महत्त्वाची. जेधे शकावलींत शिवछत्रपतींच्या सिंहासनारोहणाचा दिवस शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असतां, असा नमूद आहे. इंग्रजी तारीख ६ जून १६७४, वार शनिवार. यांत विरोध नाहीं. आपला वार सूर्योदयास बदलतो, म्हणून उत्तररात्रीं शुक्रवारच चालूं होता. इंग्रजांचा मध्यरात्रीं बदलतो, म्हणून त्यांचा शनिवार लागला होता. आणि मुसलमान किंवा यहुदी लेखकाच्या हिशेबीं तर आदल्या सूर्यास्तासच शनिवार सुरू झाला होता. नव्या पद्धतीनें लिहिणाऱ्या पोर्तुगीजास तीच तारीख १६ जून येईल, पण वार साबादोच. कारण इ. स. १५८२ मध्यें रोमांत ४ आक्टोबर गुरुवारानंतर १५ आक्टोबर शुक्रवार धरिला व इ. स. १७५२ मध्यें इंग्रजांनीं २ सप्टेंबर बुधवारानंतर १४ सप्टेंबर गुरुवार धरिला. तारखा गळाल्या, वारांची मालिका अखंड राहिली.

ही मालिका अखंड राहिली याचें बरेंचसें श्रेय, सातवा दिवस सोडावयाचा नाहीं म्हणून छळ सोसणाऱ्या लोकांस आहे. ज्या वाचकांच्या दप्तरांत वाराचा मेळ न बसल्यामुळें बाजूस ठेविलेले फारसी अथवा पोर्तुगीज कागद असतील, त्यांनीं ते एकदां पुन्हां काढून मोजून पाहावेत, अशी आमची विनंति आहे. आमच्या शेऱ्यानें एक कागद गेला. दुसरा जाऊं नये.