वॉर्डनची सही

आश्रमशाळेतल्या मुलीला ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं? वॉर्डन. सुट्टीचा अर्ज कोण मंजूर करतं? वॉर्डनच. मग लसीच्या संमतीपत्रावर तिनेच सही केली, तर बिघडलं कुठे?

खम्मम जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. २००९च्या जुलैमध्ये तिथल्या भद्राचलमसह तीन मंडलांत दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलींना एचपीव्ही लस द्यायला सुरुवात झाली. त्यांत आश्रमशाळांमधल्या आदिवासी मुली बऱ्याच होत्या. लस गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी. हा अभ्यासप्रकल्प ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेचा, सोबतीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राज्य सरकार. गुजरातेत वडोदरा जिल्ह्यातही असंच काम सुरू झालं.

पुढे दोन्ही राज्यांत मिळून सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लसीशी संबंध नाही, असं चौकशी समितीने म्हटलं; बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक अशी कारणं नोंदली गेली. लसही काही वाईट नव्हती, आज ती जगभर दिली जाते. बातम्या मृत्यूंभोवती फिरत राहिल्या. खरी गोम होती कागदांत.

आंध्रातली ९,५४३ संमतीपत्रं तपासली गेली. त्यांतल्या १,९४८ पत्रांवर अंगठे होते, तर २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. पालकांच्या वतीने मुख्याध्यापकांनी सही करावी, असा सरकारी आदेशच होता म्हणे! लेकीच्या दंडात काय टोचणार, हे पाड्यावरच्या आईबापाला विचारायचं राहूनच गेलं. ताप आल्यावर दवाखान्यात नेणं वेगळं. धडधाकट मुलीला अभ्यासात सामील करून घेणं वेगळं. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३च्या अहवालात या प्रकारावर कडक ताशेरे ओढले.

न विचारण्याची ही खोड फक्त परक्या संस्थांची नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी सुरुवातीच्या काळात सिकलसेलचा अभ्यास केला. आजार सापडलाही. पण लोकांना तो आपला मोठा प्रश्न वाटतच नव्हता. संशोधकाच्या कुतूहलापोटी आपण तो निवडला, अशी कबुली पुढे डॉ. अभय बंग यांनीच दिली. अशी कबुली शोधनिबंधात क्वचितच छापली जाते.

संमतीचे नियम पुढे बदलले. २०१३नंतर औषधचाचण्यांत संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं झालं. २०१५मध्ये ती सक्ती आकसली: फक्त नव्या रेणूच्या चाचण्या आणि त्यातले दुर्बळ गटातले लोक. भद्राचलमची लस मात्र परवाना मिळालेली होती आणि ‘पाथ’च्या लेखी ही चाचणीच नव्हती, लसीकरण कसं राबवावं याचा निव्वळ अभ्यास होता. म्हणजे आजच्या नियमानेसुद्धा त्या वॉर्डनसमोर कॅमेरा लागला नसता.