गाडी मुलाच्या हातात, कागद आईच्या नावावर

गटातून कर्ज काढून गाडी घेतलेल्या बायका आता कमी नाहीत. मुलगा पुण्यात नाहीतर मुंबईत टॅक्सी चालवतो, पण आरसी बुकावर नाव आईचं. वर्षातून एकदा त्याचा फोन येतो, "आई, इन्शुरन्स भरायचाय, यंदा पैसे जास्त लागतायत." मग पुन्हा गटातून उचल. हा आकडा वाढतो कशाने, आणि त्यातलं आपल्या हातात किती, ते आज बघू.

विम्याचे मुख्य भाग दोन. पहिला थर्ड पार्टी. आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाचा जीव गेला, कुणी जखमी झालं, तर त्याची भरपाई यातून होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने हा सक्तीचा आहे. दर सरकार ठरवतं, त्यामुळे इथे घासाघीस चालत नाही. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या घरगुती कारला वर्षाला 3,416 रुपये धरले आहेत. तेवढ्याच इंजिनाच्या टॅक्सीला 7,940, शिवाय प्रत्येक प्रवाशामागे 978. चार प्रवासी धरा, झाले 11,852. त्यावर 18 टक्के जीएसटी. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी निघाला तो स्वतःसाठी काढलेल्या आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा. गाडीवरचा नाही.

हा फरक बघून कुणीतरी सांगतंच, पांढऱ्या पाटीची गाडी घे आणि भाडं मार. ऐकू नका. घरगुती विम्यावर भाडं मारताना अपघात झाला तर कंपनी गाडीच्या दुरुस्तीचे पैसे नाकारू शकते. जखमी माणसाला द्यावे लागलेले पैसेही मालकाकडून वसूल करायला मागू शकते.

दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, ओन डॅमेज. शहराचा फरक पडतो तो इथे. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू अशा आठ शहरांत नोंदलेली गाडी 'झोन ए' मध्ये धरतात, बाकी देश 'झोन बी'. गर्दीत घासाघासी जास्त, गॅरेजची मजुरी जास्त, आणि हल्लीच्या बंपरमध्ये सेन्सर असतात, म्हणजे साधा धक्काही महाग पडतो. पावसाळ्यात रस्ते तुंबतात ते वेगळंच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेलं आणि इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. मुलाला एवढं तरी सांगून ठेवा, की गाडी ढकलायची, चावी फिरवायची नाही.

या दुसऱ्या भागात वाचवायला जागा आहे. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी 20 टक्के सूट मिळते. ती वाढत पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून हजार-दोन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करू नये. मुदत संपून 90 दिवस उलटले तर साठवलेली सगळी सूट जाते. आणि एजंटने हप्ता फारच कमी करून दिला तर आयडीव्ही बघा. आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. ती खाली ओढली की हप्ता उतरतो, पण गाडी चोरीला गेली तर तेवढेच पैसे हाती येतात.

पैसे नाहीत म्हणून विमा महिनाभर लांबवणं मात्र सगळ्यात वाईट. पकडलं तर पहिल्यांदा 2,000 रुपये दंड, दुसऱ्यांदा 4,000. तो एकवेळ भरता येईल. पण त्याच महिन्यात गाडीखाली कुणी कमावता माणूस गेला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण लाखांची भरपाई लावतं, आणि विमा नसेल तर ती मालकाकडून वसूल होते. मालक म्हणजे आरसी बुकावरचं नाव. मुलगा शहरात, नोटीस गावात, आईच्या दारात.

आणखी एक. पॉलिसीत 15 लाखांचा मालक-चालक अपघात विमा असतो. तो मालकालाच, आणि तेही त्याच्याकडे लायसन असेल तरच लागू होतो. आईकडे लायसन नाही, मुलगा मालक नाही, म्हणजे दोघांनाही तो नाही. मुलासाठी चालकाचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं. घरी पॉलिसी असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. मुदतीची तारीख, आयडीव्ही आणि चालकाची ओळ, तिन्ही आपण मिळून वाचू.