जपानीचा तास आणि त्याचा शिक्षक

संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेनं २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल? बहुतेकांनी जपानी निवडली, कारण त्यांना रोबोट आणि नवं तंत्रज्ञान यांचं वेड होतं. शाळेकडे ना पाठ्यपुस्तक होतं, ना शिकवणारं कुणी. यूट्यूबवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अ‍ॅप यांच्या जोरावर मुलांनी सुरुवात केली. पुढे एका जाणकारानं हे ऐकलं आणि विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेतले. पुण्यातल्या शाळांमध्ये मी बरीच वर्षं जपानी शिकवते आहे. मुलांना ओढ असते याबद्दल मला कधी शंका नव्हती. पण ती ओढ टिकवायला शाळा काय करते, हा प्रश्न गाडिवाटची बातमी वाचल्यापासून जास्तच सतावतो.

पालकसभेत एक ठरलेला प्रश्न येतो, ‘मॅडम, ही चित्रांची लिपी आमच्या मुलांना झेपेल का?’ लिपीला वेळ लागतो, हे खरंच आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही अक्षरलिप्यांची मूळ अक्षरं प्रत्येकी ४६. त्यावर कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं; जपानी मुलंही प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकतात. पण पहिल्या तासाला मी पालकांना वर्गात बसायला सांगते. फळ्यावर आ, इ, उ, ए, ओ लिहिते. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. तिसऱ्या-चौथ्या अक्षराशी एखादं मूल ओरडतंच, ‘मॅम, हे तर आपलंच!’ बरोबर आहे ते. जपानी अक्षरांचा हा क्रम आपल्या वर्णमालेवरून बेतलेला आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत आणि सिद्धम् लिपी जपानात गेली, तिथल्या भिक्षूंनी ती अभ्यासली, आणि त्यांच्या अक्षरांची मांडणी त्या वळणाची झाली. ‘हा’च्या ओळीत फार पूर्वी ‘प’चा उच्चार होता, हे कळलं की ती ओळ ‘ना’ आणि ‘मा’च्या मध्ये का बसली तेही उलगडतं.

वाक्यरचनेत तर मराठी मूल अर्धी वाट चालूनच आलेलं असतं. क्रियापद शेवटी आणि संबंध दाखवणारे प्रत्यय शब्दाच्या मागे. ‘पुण्याला जाते’ म्हणायचं तर ‘पुणे नि इकिमासु’. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’, तिकडेही आणि इकडेही! ‘इकिमासु का?’ म्हणजे ‘जाता का?’ हा निव्वळ योगायोग आहे, पण वर्गात तो फार उपयोगी पडतो. ज्या मुलांना इंग्रजीत प्रश्न करताना शब्दांची उलटापालट जड जाते, ती इथे पहिल्याच आठवड्यात बोलायला लागतात. आत्मविश्वास तिथून येतो. गोष्टी मोजायची वेळ आली की मात्र सगळेच अडखळतात, कारण पेन्सिलींसाठी एक प्रत्यय, कागदांसाठी दुसरा, मांजरांसाठी तिसरा. तिथे घोकंपट्टीला पर्याय नाही. तास मिळायला हवेत.

आणि तास हाच कळीचा मुद्दा आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं २००६ मध्ये सहावीपासून जपानी हा ऐच्छिक विषय आणला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर देता येतील अशा परदेशी भाषांत जपानीचं नाव आहे. म्हणजे कागदावर दार उघडं आहे. पण बहुतेक ठिकाणी मी पाहते ते असं : आठवड्याला एक तास, तोही शेवटचा, आणि शिक्षिका तासिका तत्त्वावर. ज्या तरुण शिक्षिकेनं जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत चांगली एन-३ पातळी गाठली, तिला आयटी कंपनी भाषांतरासाठी कितीतरी जास्त पगार देते. ती शाळेत का राहील? मी तिला दोष देत नाही. वर्षाच्या मध्यात ती गेली की मुलांच्या वह्या काताकानापाशी थांबतात, याचं वाईट मात्र वाटतं.

पाठबळ नाही असं नाही. जपान फाउंडेशन ही संस्था १९७२ पासून जगभर जपानीच्या शिक्षणाला मदत करते, तिचं कार्यालय दिल्लीत आहे. तिथले वर्ग आणि प्रशिक्षणं, ‘मारुगोतो’ हे पाठ्यपुस्तक, ‘इरोदोरी’चे मोफत उतरवून घेता येणारे धडे, ‘मिनातो’वरचे ऑनलाइन अभ्यासक्रम, हे सगळं कोणत्याही शिक्षकाच्या हाताशी आहे. मला शाळेतल्या मुलांसाठी सर्वात आवडतात ते ‘एरिन’चे व्हिडिओ. परदेशातून आलेली एक मुलगी जपानी शाळेत वावरते. डबा, वर्गाची साफसफाई, मैत्रिणी. वर्गात हे लावलं की मुलं धडा विसरून त्या शाळेकडे पाहू लागतात आणि नकळत भाषा उचलतात. शिक्षकांना जपानमध्ये नेऊन शिकवणारं या संस्थेचं केंद्रही आहे, सैतामामधल्या उरावाला. जपान सरकारच्या शिष्यवृत्त्यांपैकी एक खास शिक्षकांसाठी आहे : पदवीनंतर शाळेत किंवा तत्सम ठिकाणी पाच वर्षांचा अनुभव हवा आणि वय पस्तिशीच्या आत. माझ्या ओळखीतल्या कितीतरी तरुण शिक्षकांना हे माहीतच नसतं.

२०१७ मध्ये भारत आणि जपाननं ठरवलं, पाच वर्षांत शंभर उच्च शिक्षणसंस्थांत जपानीचे अभ्यासक्रम सुरू करायचे आणि एक हजार शिक्षक घडवायचे. त्यासाठी २०१८ मध्ये दिल्लीत शिक्षक-प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. पाऊल मोलाचं होतं. पण माझं मन म्हणतं, भाषा रुजते ती बारा-तेरा वर्षांच्या वयात, उच्चार जिभेवर बसण्याच्या दिवसांत. त्या शंभरांच्या बरोबरीनं शाळांचा आकडाही ठरायला हवा होता.

आता परीक्षेविषयी, कारण पालक तिथेच येऊन थांबतात. जेएलपीटी ही परीक्षा १९८४ पासून होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. सर्वात सोपी एन-५, सर्वात अवघड एन-१. एन-५ला १८० पैकी ८० गुण लागतात. आठवी-नववीतलं मूल मनापासून शिकलं तर ही पातळी सहज गाठू शकतं, आणि त्या प्रमाणपत्रानं त्याला केवढा हुरूप येतो! पण या परीक्षेत बोलायचं नसतं, लिहायचंही नसतं. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. म्हणून सहावीच्या मुलांकडून सराव प्रश्नपत्रिका सोडवून घेणाऱ्या शाळांशी मी वाद घालते. बाजारात जाऊन दोन सफरचंदं मागता आली पाहिजेत, ‘ओबासान’ (मावशी, काकू) आणि ‘ओबाआसान’ (आजी) यांतला दीर्घ स्वर कानाला कळला पाहिजे. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ असल्यानं मुलांना तो सांगितला की पटकन समजतो.

बारावीनंतर पुढच्या वाटा आहेत. जपान सरकारची पदवीसाठीची शिष्यवृत्ती पहिलं वर्ष मुख्यतः भाषेच्या तयारीसाठी देते. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आणि पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे आपल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, जपानी शिकवलं जातं.

एखाद्या मुख्याध्यापकांनी यंदा हा विषय सुरू करायचं मनावर घेतलंच, तर माझी एकच आग्रहाची विनंती आहे. पुस्तकं आणि पडदा नंतर घ्या. आधी आठवड्याला तीन तास ठेवा आणि शिक्षक पूर्णवेळ नेमा. सहावीला हिरागाना शिकवणारी शिक्षिका त्याच मुलांना नववीपर्यंत शिकवू शकेल, अशी ती नेमणूक हवी.